कागदावर अडतीस

आमच्या शाळेच्या शिपायाने गेल्या चौदा वर्षांत माझ्या तोंडाकडे नीट पाहिलेलं नाही. मी कार्यालयात क्लार्क, तो दारापाशी स्टुलावर, मध्ये जेमतेम आठ फुटांचं अंतर. तरी माझ्या चष्म्याची काडी कोणत्या रंगाची आहे हे त्याला सांगता येणार नाही. पायांचं मात्र विचारा. माझी डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजते, हेडसरांची बोलणी खाऊन आलो की मी अंगठा मुडपून चालतो आणि घरून भांडून निघालो असलो की दोन्ही पाय सारखे आपटतात, हे मला त्यानेच सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं.

सगळी शाळा त्याला मामा म्हणते. आमच्याकडे शाळेचा शिपाई हा जगाचा मामा असतो. पोरांचा मामा, त्यांच्या बापांचाही मामा. माझ्यापेक्षा तो वयाने लहान, तरी मीही मामाच म्हणतो.

मामा कबड्डी खेळायचा. खेळायचा काय, अजून खेळतो. डावा कोपरा ही त्याची जागा. समोरचा गडी चढाई करून आत आला की कोपऱ्यात दबा धरून बसायचं आणि त्याचा पाय मागे वळला की घोटा धरायचा, एवढंच त्याचं काम. कोपऱ्यातल्या माणसाला तोंडं बघून काय करायचंय? "डोळे फसवते, खांदे फसवते. पाय खोटं बोलत न्हाई," हे त्याचं वाक्य आमच्या वसमतच्या शाळेत सुविचाराच्या फळ्यावर एकदा लिहून झालंय. हेडसरांनी ते पुसायला लावलं.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. मामा पाणी घेऊन गेला आणि सवयीप्रमाणे खाली बघत उभा राहिला. साहेब खवळले. "वर बघून बोलता येत नाही का रे?" मामा म्हणाला, "साहेब, तुमचा डावा गुडघा दुखून राहिला. यायला वरच्या मजल्यावर नेऊ नका, वर्ग खालीच भरवा, असं हेडसरायला सांगू का?" हेडसरांनी कपाळाला हात लावला. पण साहेब खरोखरच वरच्या मजल्यावर गेले नाहीत. जाताना मामाच्या खांद्यावर हात ठेवून गुडघ्याला कोणतं तेल लावू असं विचारून गेले.

तो अनवाणी असायचा. मे महिन्यात डांबर पाघळतं तेव्हासुद्धा. चप्पल आणून दिली तर देवळाबाहेर काढावी तशी दाराबाहेर काढून ठेवायचा आणि संध्याकाळी ती तिथेच राहायची. "जमिनीला इचारल्याबिगर पाय टाकू न्हाई," म्हणायचा. सूचनेची वही घेऊन तो वर्गावर्गांत फिरायचा तेही एका दमात. कार्यालयाच्या उंबऱ्यावर श्वास घ्यायचा आणि शेवटच्या वर्गापर्यंत ओठांतल्या ओठांत कबड्डी कबड्डी. मास्तर सही करत असताना कोणी बोलत राहिलं तर मामाचा चेहरा निळा पडायचा. हा स्वतः चढाईला जात नाही, कोपऱ्यात बसणारा माणूस, याला दमाचं काय एवढं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "चढाईवाल्याचा दम कुठं पातळ होते हे मला ठावं पायजे ना भाऊसाहेब. दम पातळ झाला की माणूस घराकडं बघते."

आता त्याच्या वयाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

आमच्या भागात एक काळ असा होता की जन्मतारखा कोणाला ठाऊक नसायच्या. मास्तर पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. तारीख एक जून. आमच्या शिक्षकांत एक जूनला इतके वाढदिवस असतात की पेढे कोणी कोणाला द्यायचे हा प्रश्न पडतो. मामाचे आईबाप दोघंही कापसाच्या जिनिंगवर कामाला. चार वर्षांचं लेकरू सांभाळायला घरी कोणी नाही. बापाने त्याला आणून मास्तरांपुढे उभं केलं. या पोराचे हात जन्मापासूनच लांब. कान तर सोडाच, बोटं पार जबड्यापर्यंत पोचली. मास्तरांनी सहा वर्षं लिहून टाकली. मामाची आई सांगायची, तू पुलाच्या सालचा. नदीवरच्या त्या पुलावर बांधल्याचं साल कोरलेलं आहे आणि ते रजिस्टरातल्या सालाच्या दोन वर्षं पुढचं आहे. म्हणजे ज्या हातांनी मामा पुढे घोटे धरणार होता त्याच हातांनी त्याला कागदावर दोन वर्षांनी म्हातारं करून ठेवलं. ती नोंद माझ्या कपाटातल्या रजिस्टरात आहे, कारण मामा याच शाळेत शिकला.

त्याच्या ऐन उमेदीत टीव्हीवरची ती पैसेवाली कबड्डी नव्हती. आली तेव्हा वसमतला विचारायला कोणी आलं नाही. मामा गावोगावच्या स्पर्धा खेळत राहिला. बक्षिसात कधी ढाल, कधी बोकड. बरोबरचे सगळे गुडघे धरून घरी बसले. हा बसेना. "आता बास कर की मामा," असं कोणी म्हटलं की तो भडकायचा. "काहून? माझे हात आखडले का?" मग हात लांब करून दाखवायचा. मीही एकदा तसं म्हणालो होतो. आठ दिवस माझ्या टेबलावर पाणी आलं नाही.

मागच्या वर्षी जवळच्या हट्टा गावात स्पर्धा होती. पाहुणे म्हणून एक मोठा प्रशिक्षक आलेला, टीव्हीवरच्या एका संघाचा. मी मामाबरोबर गेलो होतो. सामना संपल्यावर मामा घामेजलेला, मातीने माखलेला, खाली मान घालून पाहुण्यांपुढून चालला होता. अचानक थांबला. पाहुण्यांच्या बुटांकडे बघत म्हणाला, "हा उजवा घोटा मी धरलेला हाय. कळमनुरीला. तीनदा." पाहुणा उठून उभाच राहिला. वीसेक वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या संघातून कळमनुरीला खेळून गेला होता आणि एका पोरसवदा कोपऱ्याने त्याला एकाच सामन्यात तीनदा आडवा केला होता. "तू अजून खेळतोस?" त्याने विचारलं. "तुमी काहून सोडलं?" मामाने उलट विचारलं.

दोन महिन्यांनी माझ्या मोबाइलवर फोन आला. मामाकडचा फोन कधी लागतो कधी नाही, म्हणून त्याने माझा नंबर दिलेला. संघाचे दोन्ही कोपरे दुखापतीने बाहेर होते, मोसम अर्ध्यावर आला होता आणि प्रशिक्षकाला चाचणीसाठी मामा हवा होता. पुण्याला या. मी आनंदाने कॅश बुकसुद्धा उघडं टाकून बाहेर पळालो. मामा झाडांना पाणी घालत होता. त्याने ऐकलं, पाइप खाली ठेवला आणि म्हणाला, "बराबर."

लगेच दुसरा फोन आला, संघाच्या कचेरीतून. बोलणारा तरुण पोरगा होता, गोड बोलत होता. "सर, प्रशिक्षकांचा आग्रह आहे, पण मालक पस्तिशीच्या पुढचं नावच बघत नाहीत. छत्तीसपर्यंत मी रेटून नेईन. दाखल्यात काही होतं का बघा ना."

मी चौदा वर्षं त्या रजिस्टरावर नागासारखा बसलोय. लेकराचं वय कमी करा, वाढवा, नोकरीसाठी, लग्नासाठी, असे किती लोक आले. हात जोडले, ओरडले, एकाने माझ्या टेबलावर बिब्बा ठेवला. मी कोणाला दाद दिली नाही. खाडाखोड नाही म्हणजे नाही. तोच मी त्या दिवशी घरी न जाता थांबलो, दाखल्याचा कोरा नमुना काढला आणि मामाच्या नावापुढे पुलाचं साल लिहिलं. शिक्का मारला. मनात म्हटलं, खोटं कुठे आहे? रजिस्टर खोटं आहे, हा दाखला खरा आहे. पण मामाच्या सेवापुस्तकात जुनी तारीख, हा कागद उद्या कोणी समोर ठेवला असता तर त्याची नोकरी गेली असती आणि माझीही. मामाला मी काही सांगितलं नाही. कागद पाकिटात घालून पाकीट माझ्याच पिशवीत ठेवलं.

रजेचा अर्ज हेडसरांनी दोनदा परत पाठवला. कबड्डीसाठी रजा कोणत्या नियमात बसते, असा त्यांचा शेरा. तिसऱ्यांदा मामा स्वतः आत गेला आणि म्हणाला, "सर, बिनपगारी द्या. न्हाई दिली तरी मी चाललो. घंटा कोण वाजवणार तेवढं ठरवून ठेवा." हेडसरांनी सही केली.

पुण्यात त्या चकचकीत कचेरीत आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. तो गोड बोलणारा तरुण समोर. "काका, वयाचा दाखला?" मी पिशवीत हात घातला. मामा नेहमीसारखा खाली बघत होता. माझ्या पायांकडे.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "तुमचा अंगठा फरशी कोरून राहिला. काय केलं तुमी?"

मी पाकीट बाहेर काढलं. त्याने माझ्या हातातून पाकीट घेतलं, कागद काढला, वाचला. बराच वेळ वाचला. मग घडी करून स्वतःच्या वरच्या खिशात ठेवला आणि त्याच खिशातून दुसरा कागद काढला. त्याचा जुना दाखला. कडा गेलेल्या, वर प्लास्टिक चढवलेलं. तो त्याने टेबलावर ठेवला.

तरुणाने तारीख पाहिली. "अडतीस? काका, मग अवघड आहे हो."

मी न राहवून बोललो, "अहो, हे खरं वय नाही, आमच्याकडे कान धरून..."

"गप ऱ्हा भाऊसाहेब." चौदा वर्षांत त्याने मला कधी गप्प बसवलं नव्हतं. मग तो त्या तरुणाच्या बुटांशी बोलला. "अडतीस तर अडतीस. तुमच्याकडचा सगळ्यात चपळ पोरगा द्या. पाच चढाया करू द्या. दोनदा जरी माझ्या हातून पाय सोडवून घरी गेला, तर मी आल्या गाडीनं वापस जातो. तुमाला तकलीफ न्हाई देत."

दारात उभा असलेला प्रशिक्षक हसला. "चल," म्हणाला.

मॅटवर बूट लागतात. मामाने आयुष्यात बूट घातले नव्हते. घालून उभा राहिला तर नवीन नाल मारलेल्या बैलागत पाय उचलून टाकायला लागला. पहिल्याच चढाईला तो सपशेल घसरला आणि तो पोरगा हसत परत गेला. बाकडावरची पोरंही हसली. एक गेली. आता आणखी एक गेली की परतीची परभणीची गाडी.

मामा खाली बसला. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या, दोन्ही तळवे मॅटवर ठेवले आणि तसाच थोडा वेळ राहिला. मला वाटतं तो जमिनीला विचारत होता. दुसऱ्या चढाईला पोरगं पकडलं गेलं. तिसऱ्याला पकडलं गेलं. चौथ्याला ते बरंच धडपडलं, मामाला ओढत मध्यरेषेकडे घेऊन गेलं आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबलं. पाचव्या वेळी त्या पोराने सगळी विद्या लावली. डोळे उजव्या कोपऱ्याकडे, खांदे उजवीकडे, हात उजवीकडे. तोंडाने कबड्डी कबड्डी चाललेलं. मामा हलला नाही. मग त्या पोराचा आवाज जरासा पातळ झाला, मलासुद्धा ऐकू आला, कारण मामाने माझे कान त्यासाठी चौदा वर्षं तयार केले होते. मामाचा हात गेला. जितका लांब जायला हवा त्यापेक्षा दोन बोटं जास्तच गेला. पोरगं तोंडावर पडलं.

ते उठलं तेव्हा मामाने त्याला हात दिला आणि म्हणाला, "डावी टाच आधी उचलतोस, लेका. मोडून टाक ती सवय." त्या दिवसापासून तो संघही त्याला मामा म्हणायला लागला. मालकाला कोणी काय सांगितलं मला ठाऊक नाही. मोसमाचे उरलेले सामने, एवढाच करार झाला.

मी वसमतला परत आलो. आमच्या डिजिटल वर्गातला मोठा टीव्ही संध्याकाळी चालू व्हायला लागला. शिक्षक, पोरं, चहावाला, हेडसरसुद्धा. सहा सामने झाले आणि सहाही सामने मामा राखीव खेळाडूंच्या बाकावर. कॅमेरा कधी तिकडे फिरला की मान खाली घातलेला मामा दिसायचा. गणिताचे सर म्हणाले, "इथंही स्टुलावर, तिथंही स्टुलावर. बदली झाली म्हणायची." सगळे हसले. मला त्या माणसाचा असा राग आला की पुढच्या महिन्यात त्याचं वैद्यकीय बिल मी मुद्दाम तीनदा परत पाठवलं.

शेवटचा सामना. संघ स्पर्धेतून बाहेर पडलेलाच होता, हरलं जिंकलं सारखं. पाच मिनिटं उरली असताना दुखापतीतून नुकताच परतलेला डावा कोपरा पुन्हा लंगडत बाहेर आला आणि प्रशिक्षकाने मामाला खूण केली. पडद्यावर खाली पट्टी आली. मामाचं नाव, आणि त्यापुढे वय, ३८. समालोचक हिंदीत म्हणाला, "अड़तीस साल! इस उम्र में तो लोग कोच बन जाते हैं," आणि दुसरा खदखदून हसला.

समोर त्या लीगचा नावाजलेला गडी होता. पहिल्या चढाईत तो मामाला नुसता पाठीवर थाप मारून गेला. मामा बाद. संघाने पुढे एक गडी मारला तेव्हा मामा पुन्हा आत आला. घड्याळात दोन मिनिटं. तोच गडी पुन्हा आला, हसत आला, त्याच बाजूला आला. त्याचे डोळे सगळीकडे फिरत होते. मामाचे एकाच जागी होते. मी टीव्हीचा आवाज वाढव म्हणून ओरडलो, मला दम ऐकायचा होता. आवाज पातळ झाला. मी "आता!" म्हणालो आणि त्याच क्षणी तो लांब हात गेला. घोटा. तो नावाजलेला गडी असा आपटला की समालोचकाचं बोलणं तुटलं. वर्गात पोरांनी बाकांवर उड्या मारल्या आणि हेडसरांनी मला मिठी मारली, जी त्यांनी त्याआधी किंवा नंतर कधी मारलेली नाही.

संघ सामना हरला. पण अडतिशीतला नवखा म्हणून मुलाखतीला मामालाच बोलावलं. एक मुलगी उंच टाचांवर माइक घेऊन उभी. तिने विचारलं, "अड़तीस की उम्र में पहला सीज़न, और शायद आखिरी भी। कैसा लग रहा है?"

मामा तिच्या टाचांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. त्याचे डोळे घारे आहेत हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी रडलो.

"कागद पे अडतीस है मॅडम," तो म्हणाला. "असल में छत्तीस. दो साल बाकी हैं अब्बी."

चार दिवसांनी मामा स्टुलावर हजर झाला. अनवाणी. मी लिहिलेला तो दाखला त्याने माझ्या टेबलावर ठेवला, पुण्यात घातलेली घडीसुद्धा मोडली नव्हती. मी तो फाडला. मग साठलेला राग बाहेर आला. "अरे, सगळ्या देशाला शेवटी छत्तीसच सांगितलंस ना? मग त्या दिवशी पुण्यात माझा कागद दिला असतास तर काय बिघडलं असतं? तुझं नशीब म्हणून घेतलं त्यांनी. नसतं घेतलं तर?"

मामा माझ्या पायांकडे बघत होता. पाय आपटत असणार.

"तवा छत्तीस सांगितलं असतं भाऊसाहेब, तर ती इनवणी झाली असती," तो म्हणाला. "पकडून सांगितलं. आता ती धमकी हाय."

मग त्याने घड्याळ पाहिलं, उंबऱ्यावर उभं राहून छातीभर श्वास घेतला आणि घंटेकडे निघाला. यंदा अजून फोन आलेला नाही. मी मोबाइल टेबलावर उताणा ठेवतो, आवाज मोठा करून.